न बोलणारं घर

टू पाइन्स वस्ती, रोझबड आदिवासी राखीव मुलूख
१४ जून १९६४

प्रिय लॉरेटा,

तुझं पत्र पोचलं. खोकला 'थोडा' कमी आहे असं लिहिलंयस. हा 'थोडा' तुझा लहानपणापासूनचा आहे. अंगात ताप फणफणत असायचा तेव्हाही तुला थोडंच बरं नसायचं. डॉक्टर सांगतील तितके दिवस पडून राहा. आम्ही कुठे पळून जात नाही.

मार्सेला मजेत आहे. माझ्याच खोपटात झोपते, आणि पाच वर्षांची पोर असून अख्खी खाट घेते. काल माळावर रानसलगम खणायला गेलो होतो. वाळत टांगायला सलगमांची वेणी मीच घालणार म्हणून हटून बसली. घालते, सुटते, पुन्हा घालते. जेवण झालं की तिच्या वडिलांचं ताट अंगण ओलांडून तुमच्या घरी तीच नेते. वाटेत मांसाचा एखादा तुकडा कमी होत असावा. त्यांनी अजून तक्रार केलेली नाही. केली तरी माझ्यापर्यंत ती तिनेच आणायची, तेव्हा पोचायची कशी?

परवा एक गोरी बाई मोटारीतून आली होती. शिवणयंत्र विकत होती. नको म्हटलं, गेली. बाकी विशेष काही नाही.

तुझी आई,
फिलोमीन


टू पाइन्स
१५ जून

लॉरेटा,

तुझ्या आईचं पाकीट आणि माझं पाकीट एकदमच निघेल. मार्सेला दोन्ही हातांत एकेक धरून माझ्या खांद्यावर बसून दुकानापर्यंत येणार आहे. कुणाचं जाड आहे ते ती मला सांगते. नेहमी तुझ्या आईचंच असतं.

कुंपणाचं काम मिळालंय, कापणीपर्यंत पुरेल. घोडी बरी आहे. फोर्ड घोडीएवढी बरी नाही. तीन दिवसांपूर्वी चर्चमधून एक बाई आली होती, कोणकोणत्या मुलांचा बाप्तिस्मा झालाय ते विचारायला. मार्सेलाचे दातही बघितले. चांगली वाटली.

तू जेव. इथली काळजी करू नकोस.

सायलस


सॅनिटोरियम, रॅपिड सिटी
२१ जून

आई आणि सायलस,

दोघांना मिळून एकच पत्र लिहितेय. आई, आधी तू वाच, मग मार्सेलाच्या हाती पलीकडे पाठव.

आईकडे आलेली बाई शिवणयंत्र विकत होती. सायलसकडे आलेली बाई बाप्तिस्मे मोजत होती. एकाच दिवशी, एकाच अंगणात, दोन-दोन गोऱ्या बायका आपल्याकडे आल्या असत्या तर वर्तमानपत्रात छापून आलं असतं. आजारी माणसाशी खोटं बोलायचं तर आधी दोघांनी बसून ठरवावं लागतं. तुम्ही कसले ठरवताय? माझं लग्न झाल्यापासून सासू-जावई म्हणून तुम्ही एकमेकांना इतका मान देताय की चकार शब्द बोलणं नाही की तोंडाकडे बघणं नाही. 'आईला सांग मीठ पाठव', 'त्यांना सांग छप्पर गळतंय'. मधल्या मधे माझाच घसा बसला. डॉक्टर याला क्षय म्हणतात, मला शंका आहे.

चेष्टा पुरे. ती बाई कोण होती? मार्सेलाचे दात तिने कशाला बघितले? माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईची दोन मुलं अशीच दात बघून नेली, आणि ती कुठे आहेत हे आता तिला कुणी सांगत नाही. खरं काय ते लिहा. अर्धवट कळलं की मला झोप लागत नाही, झोप नाही तर वजन वाढत नाही, आणि इथे सगळं वजनावर आहे.

लॉरेटा


टू पाइन्स
२८ जून

लॉरेटा,

तुझं पत्र माझ्या हातात आलं तेव्हा त्याला पीठ लागलं होतं, म्हणजे तुझ्या आईने ते मळता मळता वाचलं. मग मार्सेला येऊन म्हणाली, "आजी म्हणते, त्यांना म्हणावं, तुम्हीच लिहा." तर लिहितो.

ती बाई कौंटीच्या कल्याण खात्याची होती. म्हणाली, आई दवाखान्यात, घरात नळ नाही, तेव्हा पोरीला गावातल्या एका चांगल्या कुटुंबात ठेवू, तिची आई बरी होईपर्यंत. मी म्हटलं, चांगलं कुटुंब इथेच आहे. तिने ते लिहून घेतलं आणि अंगणात खुर्ची मागून बघत बसली. आता आमचं तुला माहीत आहे. मी दिसलो की तुझी आई डोक्यावरून शाल ओढून पाठ फिरवते. ती दारात आली की मी मोटारीखाली शिरतो. मार्सेला वाडगा घेऊन इकडून तिकडे. जाताना बाईने काय लिहिलं ते मला वाचून दाखवलं, सभ्यपणे. घरातली दोन मोठी माणसं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, दोघांत हाडवैर आहे, लहान मुलीला मधे निरोप्यासारखं राबवलं जातं. वर विचारलं, "हे खरं आहे ना?" आता तोंड बघत नाही हे खरंच. वैर नाही बाई, मान आहे, असं सांगितलं. ती हसली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

आपल्या कोर्टाने तिला तूर्त थांबवलंय. जमातीचे न्यायाधीश म्हणाले, पोर आपल्या मुलखातलं आहे, सुनावणी नोव्हेंबरात इथेच होईल. तर ती म्हणाली, "नोव्हेंबरात हे काम तुमच्याकडे असेल का?" तिचं चुकत नाही. गेल्या वर्षी राजधानीत, पिएरला, राज्याने जो कायदा केला, आपल्या मुलखात राज्याचे पोलीस आणि राज्याचं कोर्ट आणायचा, तो आपल्या लोकांनी सह्या गोळा करून अडवला हे तुला माहीत आहे. आता ३ नोव्हेंबरला त्यावर सगळं राज्य मत देणार. तहाने आपल्याला राखून दिलंय ते जमिनीसकट गिळायची ही सोपी वाट आहे, असं म्हातारे म्हणतात. मला तेवढं लांबचं दिसत नाही. मला एवढंच दिसतं की तो कायदा टिकला तर मार्सेलाचा निकाल गावातले न्यायाधीश लावतील, त्या बाईचं लिखाण वाचून. आणि मतं कुणाची? आपली मूठभर. बाकी सगळे गोरे, त्यातले बरेचसे मिसुरी नदीच्या पूर्वेचे, ज्यांनी आपल्याला जत्रेतल्या नाचापलीकडे कधी पाहिलेलं नाही.

म्हणून आपले लोक मोटारी काढून पूर्वेला चाललेत, गोऱ्यांच्या दारोदार, सांगायला. जमातीच्या परिषदेने मोटारी मागितल्यात. आपली फोर्ड चालते, म्हणजे उतारावर चालते. चर्चच्या बायकांनी बोलायला कुणाला निवडलंय ते तू ओळखशीलच. आणि तिला न्यायला मोकळी मोटार एकच उरलीय.

तूच सांग आता, हे कसं जमायचं.

सायलस


सॅनिटोरियम
५ जुलै

आई आणि सायलस,

खरं सांगितलंत, बरं केलंत. पहिल्या दिवशी रडले. दुसऱ्या दिवशी राग आला, आणि राग आल्यावर माणूस जेवतो, असं इथे माझ्या लक्षात आलंय.

मोटारीचं सोपं आहे. आईने मागे बसायचं. मागचं दिसणारा आरसा छताकडे फिरवून टाका. मार्सेला मागे आईजवळ, ती निरोप देईल. झालं.

पण एक मागते. ती बाई पुन्हा येईल, या लोकांचं तसंच असतं. तेव्हा तिच्यासमोर दोघांनी एकमेकांशी फक्त दोन वाक्यं बोला. 'पाऊस येणार वाटतं.' 'हो, येईल.' एवढंच. तेवढ्याने ती तिचं लिहिलेलं खोडेल. आई, मला माहीत आहे मी काय मागतेय. पण मार्सेला गेली तर मी बरी होऊन करू काय?

लॉरेटा


टू पाइन्स
१३ जुलै

माझ्या लेकी,

तुझं पत्र मी मार्सेलाबरोबर पलीकडे पाठवलं. त्यांनी ते वाचून परत पाठवलं आणि निरोप दिला, "आजी म्हणेल तसं." म्हणजे ते बोलायला तयार आहेत. अंगणात घोडीला उभं करून 'पाऊस येणार वाटतं' म्हणायचा सराव करताना मी त्यांना ऐकलं. मी हे ऐकलं असं त्यांना कळवू नकोस.

पण मी बोलणार नाही. रागावू नकोस, आधी वाच.

तुझे वडील माझ्या आईसाठी रोज सकाळी नाल्यावरून पाणी आणून तिच्या दाराशी ठेवत. हिवाळ्यात बर्फ फोडून आणत. तिचा चेहरा त्यांनी कधी पाहिला नाही, तिने त्यांचा नाही. ती गेली त्या दिवशी त्यांनी आपले केस कापले आणि वर्षभर कुठल्या नाचाला गेले नाहीत. त्यांनी तिच्याशी कधी पावसाबद्दल बोलायला हवं होतं असं मला एकदाही वाटलं नाही. ज्याच्या हाती आपण आपली मुलगी दिली त्याच्याशी सैल बोलायचं नाही, हे मी आईच्या दुधाबरोबर शिकले.

आता ती बाई म्हणते ते करून दाखवलं तर काय होईल? आज पावसाबद्दल बोलेन. उद्या ती म्हणेल, हात मिळवा. परवा म्हणेल, पोरीला आजीजवळ झोपवू नका. तिच्या मर्जीसाठी मी माझ्या अंगणात माझी रीत मोडली, तर नोव्हेंबरची वाट कशाला बघायची? तो कायदा माझ्या अंगणात आजच लागू झाला की. मग मी कोणत्या तोंडाने पूर्वेला जाऊन लोकांना सांगू, आमच्या घरात आमचं चालू द्या म्हणून?

पोर जाऊ द्यायची नाही हे तुझ्याइतकंच माझ्याही पोटात आहे. बोलायचं ते मी बोलेन, पण त्या बाईच्या समोर जावयाशी नाही. मत देणाऱ्यांशी बोलेन. माझी इंग्रजी मिशनच्या शाळेतली आहे, तीही बाई मारकुटी होती म्हणून आलेली. पुरेल.

तुझी आई


हुरॉन गावाच्या अलीकडे
३० ऑगस्ट

लॉरेटा,

तुझं दीड महिना उत्तर नाही. तुझ्या आईवर रागावली असशील तर रागाव, पण पत्र लिही. माझा त्यात काय दोष?

आरसा छताकडे फिरवला. पहिल्याच दिवशी हमरस्त्यावरच्या पोलिसाने थांबवलं. आरसा असा का, म्हणाला. मी म्हटलं, "मागे सासूबाई बसल्यात." त्याने वाकून मागे पाहिलं. तुझ्या आईने शाल नाकापर्यंत ओढली होती. पोलीस इतका हसला की मोटारीला टेकला. म्हणाला, "माझी बसते तेव्हा मलाही हेच करावंसं वाटतं." त्याला काय कळलं आणि काय नाही ते जाऊ दे. मी तेवढ्यात पत्रक दिलं, त्याने टोपीत ठेवलं, आणि दंड न करता सोडलं. मग मार्सेला मागून म्हणाली, "आजी म्हणते, हा माणूस 'नको'वर मत देईल." आजीचं त्या बाबतीत अजून चुकलेलं नाही.

चुकतं ते माझं. परवा दुपारी उन्हात मार्सेला झोपली. फाट्यावर डावीकडे वळायचं होतं, मी उजवीकडे वळलो. तुझ्या आईला तो रस्ता पाठ आहे, ती शाळेत असताना तिकडे बीट खणायला न्यायचे. तिला कळलं की आपण चुकलो. पण सांगणार कुणामार्फत? निरोप्या घोरत होता, आणि झोपलेल्या पोराला उठवायचं नाही. मागून नुसता घसा खाकरल्याचा आवाज. मला वाटलं धूळ गेली, म्हणून मी काच वर केली. पुन्हा खाकरणं. मी दुसरी काच वर केली. अशा बंद मोटारीत आम्ही शिजत शिजत ज्या गावाला पोचलो त्याचं नाव नकाशात आहे का मला शंका आहे.

तिथे शेतकऱ्यांचं सामुदायिक जेवण चालू होतं. आमची वाट कुणी बघत नव्हतं, कायद्याचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. आता आलोच आहोत तर, म्हणून तुझी आई उतरली. ती बोलायला उभी राहिली की मी बाहेर असतो, हे तुला वेगळं सांगायला नको. खिडकीखाली बसून सगळं ऐकतो. कुठे लांबतंय, कुठे लोक हलले, ते मार्सेलाकरवी कळवतो. मग पुरुष बाहेर विड्या ओढायला आले की मी त्यांना सांगतो, आमच्या एवढ्या मोठ्या मुलखावर पोलीस आणि तुरुंग ठेवायचा खर्च तुमच्या करातून जाणार आहे बरं का. आत बायका डोळे पुसतात, बाहेर पुरुष हिशेब करतात. त्या गावाने आम्हाला रात्री शाळेत झोपायला जागा दिली आणि निघताना डबा भरून कोंबडी दिली. फाट्याला योग्य वळलो असतो तर ही सगळी माणसं राहून गेली असती. म्हणून तुझ्या आईने निरोप पाठवला, "म्हणावं, चुकलात ते बरं झालं." तिच्याकडून हे आलं, तेव्हा मी तो निरोप मार्सेलाला दोनदा सांगायला लावला.

कल्याण खात्याची बाई आम्ही निघायच्या आधी पुन्हा येऊन गेली. तुझी आई पाठ फिरवूनच राहिली. मीही काही बोललो नाही. मला वाटतं तुझ्या आईचं बरोबर आहे. पण भीती वाटते, हेही तुलाच सांगतो.

लिही.

सायलस


टू पाइन्स
१२ सप्टेंबर

माझ्या लेकी,

अजून पत्र नाही. हात दुखत असेल तर नर्सला सांगून दोन ओळी लिहवून घे.

मी तुला एक प्रसंग सांगते. नॉर्वेच्या लोकांचं गाव, चर्चचं तळघर, कॉफी अशी की कपाचा तळ दिसावा. एक म्हातारी पुढे बसली होती, माझ्याच वयाची, हात माझ्यासारखेच. तिने विचारलं, "तुम्हाला आमचे कायदे का नकोत? आमचे कायदे वाईट आहेत का?" मनापासून विचारलं, टोमणा नव्हता. मी म्हटलं, "बाई, तुमचा नवरा चांगला आहे का?" म्हणाली, "चांगला आहे, चाळीस वर्षं तक्रार नाही." म्हटलं, "मग उद्यापासून तो माझ्या घरी येऊन घरधनी झाला तर चालेल?" सगळं तळघर हसलं, तिचा नवरा सगळ्यात जास्त. मग मी म्हटलं, तुमच्या घरी तुमचा शोभतो. आमच्या घरी आमचं आम्हाला ठरवू द्या. नपेक्षा निदान विचारा तरी. हा कायदा करताना आम्हाला कुणी विचारलं नाही. ती म्हातारी उठली आणि मला म्हणाली, "आमची बोलीसुद्धा शाळेत बोलू देत नसत, बोललो की छडी." मला हे ठाऊक नव्हतं, लॉरेटा. गोऱ्यांनाही शाळेत मारतात असं मला कधी वाटलंच नव्हतं. तिने दाराशी माझा हात बराच वेळ धरला. तिचे आभार कसे मानावे कळेना, मी तिला वाळवलेल्या चोकचेरीच्या रानफळांची पुडी दिली. तिला तिचं काय करायचं कळलं नसेल.

आणखी एक. मार्सेलाचे वडील रात्री आम्हा दोघींना निजायला जागा देऊन स्वतः मोटारीत बसल्या बसल्या झोपतात. मी बोलत असते तेव्हा ते बाहेर उभे असतात. एका गावात पाऊस होता, तरी खिडकीतून टोपीची कड दिसत होती. पोरीने सांगितलं म्हणून कळलं, त्यांना खोकला झालाय आणि ते तो माझ्यापासून लपवतात. मी काढा करून बाटली पुढच्या सीटवर ठेवली. काही न बोलता रिकामी परत आली. असा माणूस तुला मिळाला आणि तुझ्यामुळे मला मिळाला. यातलं त्यांना काही सांगू नकोस, माणूस चढून बसतो.

तुझी आई


सॅनिटोरियम
१८ ऑक्टोबर

आई आणि सायलस,

रागावले नव्हते. आई, तुझं जुलैचं पत्र वाचून दोन दिवस रागावले, मग नाही. पत्र लिहिलं नाही कारण लिहिता येत नव्हतं. जुलैअखेर माझ्या फुप्फुसाचा एक भाग काढला. तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही मोटार पश्चिमेला वळवली असती, आणि मला ती पूर्वेला हवी होती. खोटं बोलायला मी एकटी होते, म्हणून जमलं.

आता बरी आहे. खरंच, 'थोडी' नाही. शिळा पाव गोड लागतो. वसंतात घरी सोडतील असं डॉक्टर म्हणतात.

मी खाटेवर पडून होते, पण नुसती पडून नव्हते. सकाळच्या नर्सचं माहेर पूर्वेला आहे. तिला तुमची पत्रं वाचून दाखवते, त्या पोलिसाचं, बंद काचांचं, म्हातारीच्या नवऱ्याचं. ती ते रविवारी फोनवर घरच्यांना सांगते. आता ती विचारते, "सासूबाईंचं पत्र आलं का?" आमच्या खोलीतल्या सगळ्या बायकांनी घरी पत्रं लिहिलीत, ज्यांना लिहिता येत नाही त्यांची मी लिहिली. दूध आणणारा, जमीन पुसणारी बाई, पाद्री, कुणाला सोडलं नाही. शेजारच्या खाटेवरची, जिची मुलं गेली, ती सगळ्यात जास्त बोलते.

मला एक सांगायचंय आणि ते लिहिताना लाज वाटत नाही. मी इथे आले तेव्हा वाटलं होतं, मी मधून निघाले की तुम्ही दोघं दोन बाजूंना राहाल. तुम्ही तर माझ्या पोरीला मधे घेऊन अर्धं राज्य हिंडलात. काय होईल ते होवो, मी तुमची ऋणी आहे. दोघांची सारखी. भांडू नका कुणाची जास्त म्हणून. भांडता येत नाही तेच बरं.

लॉरेटा


टू पाइन्स
५ नोव्हेंबर

लॉरेटा,

तुझ्या ऑपरेशनबद्दल मी काय बोलू? पत्र वाचून अंगणात बसलो. पलीकडच्या दारात तुझी आई बसली होती, पाठ करून. मार्सेला मधे खेळत होती. दुपारपर्यंत कुणी उठलं नाही. एवढा वेळ आम्ही एकत्र कधी बसलो नव्हतो.

आता ऐक. काल सकाळी दुकानात रेडिओभोवती सगळी वस्ती जमली होती. आपली माणसं हरायला जातात तशी आली होती, चांगले कपडे घालून. आकडे यायला लागले. नको. नको. पूर्वेच्या एकेका कौंटीचं नाव येई आणि पुढे नको. कायदा गेला, लॉरेटा. चारांतल्या तिघांहून जास्त माणसांनी नको म्हटलं. म्हातारा आयझॅक म्हणाला, "पुन्हा सांगायला सांग त्याला." रेडिओ काय ऐकतो? पण पुढच्या तासाला त्याने पुन्हा सांगितलं, आणि तेव्हा आयझॅक रडला. म्हणाला, जन्मात पहिल्यांदा आपण गोऱ्यांना विचारलं आणि त्यांनी आपल्यासारखं उत्तर दिलं.

मला ती सगळी तळघरं आठवत राहिली. ज्यांची नावंही मला माहीत नाहीत अशा माणसांनी कागदावर खूण केली आणि माझी पोर माझ्या अंगणात राहिली. सुनावणी २० तारखेला आहे, आपल्याच कोर्टात. अजून जिंकलो नाही. पण आता आपल्या माणसापुढे उभं राहायचंय.

सायलस


टू पाइन्स
२९ नोव्हेंबर

माझ्या लेकी,

मार्सेला माझ्या शेजारी बसून हे पत्र बघते आहे, तेव्हा मुख्य गोष्ट आधी लिहिते: ती इथेच आहे आणि इथेच राहील.

कोर्टात त्या बाईने सगळं वाचून दाखवलं. खोटं एक अक्षर नव्हतं, हे मी मान्य करते. तीन वेळा भेट दिली, प्रत्येक वेळी बराच काळ थांबले, आजी आणि वडील यांच्यात एकही शब्द झाला नाही, नजरानजर नाही, आजी मुद्दाम पाठ फिरवते. न्यायाधीशांनी मार्सेलाच्या वडिलांना विचारलं, "खरं?" ते म्हणाले, "खरं." मला विचारलं, मी म्हटलं, "खरं." "मधे कधी चुकून एखादा शब्द?" मी म्हटलं, "रस्ता चुकलो तेव्हासुद्धा नाही." मागे लोक हसले. न्यायाधीश मात्र हसले नाहीत. कारकुनाकडे वळून म्हणाले, "लिहा. घर चांगलं आहे. पोर चांगल्या माणसांत वाढते आहे. अर्ज फेटाळला."

ती बाई गोंधळली. तेव्हा न्यायाधीशांनी तिला समजावलं, हळू, मुलाला समजावतात तसं. म्हणाले, तुम्ही जे पाहिलंत ते बरोबर पाहिलंत. आमच्यात हे ज्या घरात मोडतं त्या घराची आम्हाला काळजी वाटते. माझी सासू असती तर तिने तुम्हाला नीट सांगितलं असतं. मला तिने कधीच काही सांगितलं नाही. तेव्हा ते हसले. बाहेर ती बाई माझ्याजवळ आली. चेहरा लाल झाला होता. म्हणाली, "मला कुणी सांगितलंच नव्हतं." मी म्हटलं, जावयाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिने मान खाली घातली. वाईट बाई नाही. तिला मी जेवायला बोलावलं, आणि ती आली.

काल सभागृहात वोपिला झाला. सगळ्या वस्तीने रांधलं, ज्याच्या हाती जे होतं ते त्याने आभार म्हणून दिलं. आधी पूर्वेच्या गावांची नावं पुकारली. तिथलं कुणी हजर नव्हतं, तरी एकेक नाव घेतलं आणि प्रत्येक नावाला बायकांनी मानाची किलकारी दिली. ज्या गावाचं नाव नकाशात नाही त्यालाही दिली. मग तुझ्या खोलीतल्या बायकांना, त्या नर्सला, दूधवाल्याला. त्यांना सांग, त्यांची नावं इथे मोठ्याने घेतली गेली.

मग माझी पाळी आली. मी ताऱ्याच्या नक्षीची मानाची गोधडी शिवली होती. पुकारणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं, कुणाला? मान नाव घेऊनच द्यायचा असतो, 'मार्सेलाचे वडील' म्हणून भागत नाही. मी त्याच्या कानात नाव सांगितलं. तुझ्या लग्नापासून ते माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं. त्याने माझेच शब्द सगळ्या सभागृहाला ऐकू जातील असे पुकारले, "सायलस. याच्या मागच्या सीटवर बसून मी आपल्या मुलखासाठी हिंडले, त्याचे आभार."

ते उठून आले. घेणाऱ्याने देणाऱ्याचा हात हातात घ्यायचा ही रीत. मी पाठ फिरवली आणि मार्सेलाला पुढे केलं. त्यांनी तिचा हात धरला. आणि धरूनच राहिले. पोर चुळबुळ करायला लागली. म्हणाली, "आजी, हे सोडतच नाहीत."

मी म्हटलं, "असू दे. तो माझा हात आहे."

तुझी आई